एमआरआय ‘नॉर्मल’ आला, मग आजार कुठे आहे?

बायपोलर आजाराच्या रुग्णाला मनोविकारतज्ज्ञाकडे घेऊन येणारे नातेवाईक बहुतेक वेळा दोनपैकी एक प्रश्न विचारतात. पहिला प्रश्न, ‘डॉक्टर, एकदा डोक्याचा एमआरआय करून घेऊ या का? म्हणजे नक्की काय ते कळेल.’ दुसरा प्रश्न एमआरआय झाल्यानंतरचा. अहवालात सगळं ठीक असल्याचं लिहिलेलं असतं. तो कागद टेबलावर पुढे सरकवत कुणीतरी म्हणतं, ‘रिपोर्ट तर नॉर्मल आहे. मग हा असा का वागतो?’ या प्रश्नामागे न बोललेला आणखी एक प्रश्न असतो. हा मुद्दाम तर करत नाही ना?

हा संशय घरच्यांना छळतो आणि रुग्णाला त्याहून जास्त. दोन महिन्यांपूर्वी रात्ररात्र जागून नव्या धंद्याचे बेत आखणारा, ओळखीपाळखीच्या सगळ्यांकडून उसने पैसे घेणारा, कुणी अडवलं तर अंगावर धावून जाणारा मुलगा आज अंथरुणातून उठायला तयार नसतो. आंघोळ नाही, धड जेवण नाही, कुणाशी बोलणं नाही. मेंदूत एवढी उलथापालथ होत असेल तर ती फोटोत दिसायलाच हवी, असं आपल्याला वाटतं. मोडलेलं हाड एक्स-रेमध्ये दिसतं, मुतखडा सोनोग्राफीत दिसतो, मग हेच का दिसू नये?

बायपोलर आजारात मेंदूच्या रचनेत आणि कामकाजात फरक असतात, हे जगभरातल्या हजारो रुग्णांच्या तपासणीतून पुढे आलेलं आहे. पण एका माणसाच्या एमआरआयवर नजर टाकून ओळखता येतील एवढे मोठे ते नसतात. ही दोन्ही विधानं एकाच वेळी खरी कशी, ते समजून घेतलं तर घरातले बरेच गैरसमज दूर होतील.

लहर वेगळी, आजार वेगळा

‘माझा मूड आज अगदी बायपोलर झालाय’ असं हल्ली गमतीनं म्हटलं जातं. सकाळी खूश आणि संध्याकाळी उदास असणं म्हणजे बायपोलर नव्हे. या आजाराला दोन टोकं असतात. एक उन्मादाचं, ज्याला डॉक्टर मेनिया म्हणतात. ही अवस्था साधारणपणे आठवडाभर किंवा त्याहून जास्त टिकते. तीन-चार तास झोपूनही थकवा जाणवत नाही. बोलणं थांबत नाही, एका विचाराच्या पाठीवर दुसरा विचार येतो, आपल्याला काहीही अशक्य नाही असं वाटू लागतं. त्या भरात पैसा, नोकरी, नाती सगळं पणाला लागतं. काहींना भास होतात, आपल्यात दैवी शक्ती आल्याची खात्री पटते. दुसरं टोक खोल नैराश्याचं. तेही एखाद्या दिवसाचं नसतं, आठवडे किंवा महिने चालतं. मधल्या काळात माणूस पूर्वीसारखा वागतो, कामावर जातो, हसतो-बोलतो. त्यामुळेच ‘तेव्हा बरा होता, मग आता काय झालं?’ असं लोकांना वाटतं.

उन्मादाचा एक सौम्य प्रकारही असतो, हायपोमेनिया. तो तर घरच्यांना आजार वाटतच नाही. ‘किती उत्साही झाली आहे अलीकडे’ असं कौतुकच होतं. अमेरिकेतल्या एका अभ्यासात १४६ रुग्णांची सुमारे १३ वर्षं आठवड्या-आठवड्याची नोंद ठेवली गेली. हे सगळे तीव्र उन्माद येऊन गेलेले रुग्ण होते. तरीही त्यांच्या जवळपास ३२ टक्के आठवड्यांत नैराश्याची लक्षणं होती आणि उन्मादाची जेमतेम ९ टक्के आठवड्यांत. म्हणजे या आजाराचं रोजचं रूप उन्मादापेक्षा नैराश्याचंच जास्त असतं. साहजिकच रुग्ण पहिल्यांदा डॉक्टरांकडे जातो तो उदासीची तक्रार घेऊन. त्या वेळी पूर्वीच्या ‘फार उत्साहाच्या’ दिवसांचा उल्लेख झाला नाही, तर निदान साध्या नैराश्याचं होऊ शकतं. अशा रुग्णाला नुसत्याच नैराश्यविरोधी गोळ्या मिळाल्या तर काही वेळा तो थेट उन्मादाच्या टोकाला जाऊन पोचतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०१९ मध्ये जगात सुमारे ४ कोटी लोकांना हा आजार होता. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेनं २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्या राज्यांत महाराष्ट्र नव्हता. तरी त्याचे आकडे आपल्यालाही विचार करायला लावणारे आहेत. दर २०० प्रौढांमागे साधारण एकाला आयुष्यात कधीतरी हा आजार झालेला होता आणि अशा आजारी माणसांपैकी सुमारे ७० टक्के लोक उपचारांपासून दूर होते. ‘बाहेरचं काहीतरी आहे’, ‘लग्न केलं की सुधारेल’, ‘अंगात आळस भरलाय’ अशी कारणं त्या काळात पुढे केली जातात आणि वर्षं निघून जातात.

साखरेच्या हिशेबात दिसलेला आजार

मेंदूचं वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के. पण शरीराच्या एकूण ऊर्जेतली जवळजवळ २० टक्के ऊर्जा तो एकटा वापरतो आणि त्याचं मुख्य इंधन असतं ग्लुकोज. मेंदूचा जो भाग जास्त काम करतो तो जास्त ग्लुकोज घेतो. पेट स्कॅन नावाच्या तपासणीत किरणोत्सारी खूण लावलेला ग्लुकोजसारखा पदार्थ अगदी अल्प प्रमाणात शरीरात सोडतात आणि मेंदूत तो कुठे किती शोषला जातो, ते मोजतात.

लॉस एंजेलिसमधल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लुइस बॅक्स्टर, मायकेल फेल्प्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोविकारांच्या रुग्णांवर ही तपासणी केली. १९८५ मध्ये त्यांचा शोधनिबंध प्रसिद्ध झाला. त्यात बायपोलर रुग्ण होते आणि ज्यांच्या अवस्था फार झपाट्यानं पालटतात असे काही जणही होते. नैराश्याच्या दिवसांत मेंदूचा ग्लुकोजचा वापर कमी भरला. तोच रुग्ण नैराश्यातून बाहेर आला किंवा उन्मादात गेला की तो वाढलेला दिसला. माणूस एकच, मेंदू एकच, पण त्याच्या कामाचा वेग अवस्थेनुसार बदलत होता. ‘मनावर घेतलं तर उठशील’ असं नैराश्यातल्या माणसाला सांगणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात ठेवावं, की त्या दिवसांत त्याच्या मेंदूचं इंधन जाळणंच मंदावलेलं असू शकतं.

पुढे फंक्शनल एमआरआयचं तंत्र आलं. त्यात किरणोत्सार नसतो. मेंदूच्या कोणत्या भागात प्राणवायूयुक्त रक्ताचा पुरवठा वाढतो, यावरून तो भाग कामाला लागल्याचं कळतं. यंत्रात झोपलेल्या माणसाला घाबरलेले, रागावलेले, हसरे चेहरे दाखवायचे, किंवा बक्षीस मिळण्याची शक्यता असलेला छोटासा खेळ खेळायला द्यायचा आणि मेंदू काय करतो ते पाहायचं.

यात दोन भागांची नावं पुन्हा पुन्हा पुढे येतात. एक अमिग्डला. कानाच्या पातळीवर, मेंदूत खोलवर असलेला बदामाएवढा भाग. धोका, भीती, उत्तेजना अशा गोष्टींची पहिली खबर तो घेतो. दुसरा प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, म्हणजे कपाळामागचा भाग. ‘थांब, आधी विचार कर’ असं सांगण्याचं काम त्याचं. २०११ मध्ये अशा ६५ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेण्यात आला. बायपोलर रुग्णांमध्ये भावनांशी निगडित असलेले खोलवरचे भाग सरासरीनं जास्त सक्रिय आणि कपाळामागच्या भागाची खालची बाजू कमी सक्रिय दिसली. घोडा उधळलेला आणि लगाम सैल, असं याचं वर्णन करता येईल. बक्षिसाच्या आशेनं जागे होणारे मेंदूतले मार्गही या आजारात वेगळ्या पद्धतीनं वागताना आढळले आहेत. उन्मादात माणूस नफ्याच्या कल्पनेनं इतका भारावून का जातो आणि तोट्याची शक्यता त्याला का दिसत नाही, याचा काही उलगडा त्यातून होतो.

आधी मोठा फरक, मग लहान

मेंदूच्या रचनेचा शोध मात्र सरळ रेषेत पुढे गेला नाही. १९९७ मध्ये वेन ड्रेव्हेट्स आणि सहकाऱ्यांचा एक निबंध ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आला आणि खूप गाजला. मेंदूच्या दोन अर्धगोलांना जोडणाऱ्या पट्ट्याच्या पुढच्या वळणाखाली कॉर्टेक्सचा एक छोटा भाग असतो. कुटुंबात हा आजार असलेल्या बायपोलर रुग्णांमध्ये त्या भागातली राखाडी पेशींची जागा निरोगी लोकांच्या तुलनेत सरासरी ३९ टक्के कमी भरल्याचं त्यांनी नोंदवलं. एवढा मोठा फरक पाहून अनेकांना वाटलं, की आजाराचा पत्ता सापडला.

पण त्या काळातले बहुतेक अभ्यास वीस-तीस रुग्णांचे असत. एका शहरातल्या वीस जणांत दिसलेली गोष्ट दुसऱ्या शहरातल्या वीस जणांत दिसेलच असं नाही. कुणाला हिप्पोकॅम्पस लहान दिसला, कुणाला नेहमीएवढाच. अमिग्डला काहींच्या अभ्यासात मोठी, तर काहींच्या अभ्यासात लहान. निवडणुकीच्या आधी एकाच चौकातल्या वीस जणांना विचारून निकाल सांगावा, तसं ते होतं.

यावर उपाय म्हणून २००९ मध्ये ‘एनिग्मा’ नावाचा आंतरराष्ट्रीय गट उभा राहिला. वेगवेगळ्या देशांतल्या संशोधकांनी आपापल्याकडचे एमआरआय एकाच पद्धतीनं मोजायचे आणि आकडे एकत्र करायचे, अशी त्याची रीत. २०१६ मध्ये या गटानं १७१० बायपोलर रुग्ण आणि २५९४ निरोगी लोक यांची तुलना प्रसिद्ध केली. रुग्णांमध्ये स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस आणि मेंदूतलं टपाल कार्यालय म्हणता येईल असा थॅलॅमस सरासरीनं किंचित लहान होता. मेंदूतल्या द्रवानं भरलेल्या पोकळ्या किंचित मोठ्या होत्या. २०१८ मध्ये याच गटानं मेंदूच्या बाहेरच्या थराची, म्हणजे कॉर्टेक्सची जाडी तपासली. एकूण ६५०३ लोकांचे एमआरआय त्यात होते. रुग्णांमध्ये कपाळामागचा, कानाजवळचा आणि माथ्याकडचा कॉर्टेक्स सरासरीनं थोडा पातळ आढळला. २०१९ मध्ये १४८२ रुग्णांच्या मेंदूतल्या ‘वायरिंग’ची पाहणी झाली. मेंदूच्या उजव्या आणि डाव्या भागांना जोडणाऱ्या पट्ट्यात आणि भावना व विचार यांच्या केंद्रांना जोडणाऱ्या एका मार्गात सर्वांत ठळक फरक दिसले.

रुग्णांची संख्या हजारांत गेल्यावर फरक टिकून राहिले, पण त्यांचा आकार मात्र बराच लहान झाला.

दीड सेंटिमीटरचा फरक

किती लहान, हे समजण्यासाठी एक उदाहरण घेऊ. समजा, दोन गावांतल्या पुरुषांच्या सरासरी उंचीत दीड सेंटिमीटरचा फरक आहे. दोन्ही गावांतल्या हजारो लोकांची उंची मोजली तर हा फरक नक्की सापडेल आणि तो खराही असेल. पण एसटी स्टँडवर उभ्या असलेल्या एका अनोळखी माणसाची उंची मोजून तो कोणत्या गावचा हे सांगता येईल का? अर्थातच नाही. पहिल्या गावात उंच माणसं आहेत, दुसऱ्यातही आहेत. बुटकी माणसंही दोन्हीकडे आहेत. दोन्ही गावांच्या उंचीचे आलेख एकावर एक ठेवले तर सुमारे ९० टक्के भाग एकमेकांवर बसेल.

बायपोलर रुग्ण आणि निरोगी लोक यांच्या हिप्पोकॅम्पसच्या आकारातला फरक संख्याशास्त्राच्या मापानं साधारण एवढाच आहे. कितीतरी रुग्णांचा हिप्पोकॅम्पस कितीतरी निरोगी माणसांपेक्षा मोठा असतो. त्यामुळे रेडिओलॉजिस्ट जेव्हा ‘नॉर्मल’ असं लिहितात, तेव्हा गाठ नाही, रक्तस्राव नाही, झटक्याची खूण नाही, डोळ्यांना दिसेल असं काही वावगं नाही, एवढंच ते सांगत असतात. आजार नाही, असं त्यांनी लिहिलेलं नसतं.

डोळ्यांना नाही तर नाही, संगणकाला तरी ओळखता येईल का? हाही प्रयोग झाला आहे. एनिग्मा गटानं १३ केंद्रांतल्या ३०२० लोकांचे एमआरआय संगणकाला शिकवले आणि मग कोण रुग्ण, कोण निरोगी हे ओळखायला सांगितलं. सुमारे ६५ टक्के उत्तरं बरोबर आली. छापा-काटा करूनही ५० टक्के बरोबर येतात, हे पाहता संगणकाला काहीतरी उमगलं होतं. पण शंभरातल्या ३५ जणांबाबत चुकणारी तपासणी कोणताही डॉक्टर निदानासाठी वापरणार नाही. शिवाय खऱ्या दवाखान्यात ‘आजारी की निरोगी’ एवढाच प्रश्न नसतो. हे बायपोलर, साधं नैराश्य की स्किझोफ्रेनिया, असा तो असतो. हिप्पोकॅम्पस किंचित लहान असणं या तिन्ही आजारांच्या अभ्यासांत आढळलेलं आहे.

म्हणूनच बायपोलर आजाराचं निदान आजही रुग्णाशी आणि घरच्यांशी सविस्तर बोलून, आयुष्यातल्या चढउतारांचा इतिहास विचारून केलं जातं. मग डॉक्टर कधीकधी एमआरआय का सांगतात? आजार पहिल्यांदाच पन्नाशी-साठीत सुरू झाला असेल, फिट येत असतील, डोक्याला मार लागला असेल, अंगाची एक बाजू दुबळी झाली असेल किंवा माणूस अचानक भ्रमिष्टासारखा वागू लागला असेल, तर मेंदूचा दुसरा एखादा आजार नाही ना, याची खात्री करण्यासाठी. थायरॉइडची रक्ततपासणी, घेत असलेल्या स्टेरॉइडसारख्या औषधांची आणि व्यसनांची चौकशी होते तीही याचसाठी. मेंदूचा स्कॅन पाहून ‘तुम्हाला बायपोलर आहे’ असं कुणी छातीठोकपणे सांगत असेल, तर खिशाला हात घालण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

आधी काय, नंतर काय?

मेंदूतले हे फरक आजाराच्या आधीपासून असतात की आजारामुळे होतात? हा प्रश्न नुसता पुस्तकी नाही. ‘माझा मेंदू झिजत चाललाय का?’ या रुग्णाच्या भीतीचं उत्तर त्यात आहे.

रुग्णांच्या सख्ख्या भावंडांचा आणि मुलांचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. त्यांच्यात आनुवंशिक जोखीम असते, पण अनेकांना आजार झालेला नसतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात बायपोलर रुग्णांच्या अशा जवळच्या नातेवाइकांच्या कवटीच्या आतली जागा सरासरीपेक्षा लहान नव्हती, उलट किंचित मोठी होती. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांच्या नातेवाइकांत मात्र ती किंचित लहान होती. म्हणजे घराण्यात बायपोलर असणं हे ‘कमजोर मेंदू’चं लक्षण मानायला आधार नाही.

काळाबरोबर काय होतं, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानं दाखवलं. ३०७ रुग्ण आणि ९२५ निरोगी लोक यांचे एमआरआय काही वर्षांच्या अंतरानं दोनदा काढले गेले. हे अंतर काहींच्या बाबतीत नऊ वर्षांपर्यंत होतं. सगळ्या रुग्णांचा कॉर्टेक्स इतरांपेक्षा वेगानं पातळ होतो, असं काही त्यात दिसलं नाही. मेंदूतल्या पोकळ्या मात्र रुग्णांमध्ये थोड्या अधिक वेगानं वाढल्या. आणि ज्यांना मधल्या काळात उन्मादाचे झटके जास्त वेळा आले, त्यांचा कॉर्टेक्स, विशेषतः कपाळामागचा, जास्त वेगानं पातळ झाला.

झटक्यांमुळे थर पातळ होतो की थर पातळ होणाऱ्यांना झटके जास्त येतात, हे अशा निरीक्षणातून पक्कं ठरत नाही. पण व्यवहारात दोन्हींचा अर्थ एकाच दिशेला जातो. बायपोलर झाला म्हणजे मेंदूची घसरण अटळ, असं नाही. आणि उन्मादाचा प्रत्येक झटका टाळण्याजोगा आहे. नोकरी आणि नाती वाचवण्यासाठी तर आहेच, कदाचित मेंदू जपण्यासाठीही.

एका क्षाराची गोष्ट

या आजारावरचं सर्वांत जुनं आधुनिक औषध म्हणजे लिथियम. हा एक साधा क्षार आहे, कुठल्याही कंपनीनं प्रयोगशाळेत जुळवलेला नवा रेणू नव्हे. ऑस्ट्रेलियातले मनोविकारतज्ज्ञ जॉन केड दुसऱ्या महायुद्धानंतर मेलबर्नजवळच्या एका रुग्णालयात काम करत होते. उन्मादाच्या रुग्णांच्या लघवीत काही विषारी घटक असावा, या कल्पनेनं ते गिनीपिगवर प्रयोग करत होते. त्यात लिथियमचे क्षार वापरले तेव्हा प्राणी शांत झाल्याचं त्यांना दिसलं. मूळ कल्पना बाजूला पडली, पण १९४९ मध्ये उन्मादाच्या दहा रुग्णांना लिथियम दिल्याचा त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. पुढे डेन्मार्कच्या मोगेन्स शाऊ यांनी शास्त्रशुद्ध चाचण्या केल्या. अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली ती १९७० मध्ये.

मेंदूच्या प्रतिमांनी या जुन्या औषधाबद्दल नवं कुतूहल जागं केलं. २००० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या एका छोट्या अभ्यासात दहापैकी आठ रुग्णांच्या मेंदूतलं राखाडी द्रव्य चार आठवड्यांच्या लिथियम उपचारानंतर वाढलेलं दिसलं. २०१८ च्या एनिग्मा अभ्यासातही लिथियम घेणाऱ्यांचा कॉर्टेक्स न घेणाऱ्या रुग्णांपेक्षा सरासरीनं जाड होता. याचा अर्थ लिथियम मेंदू ‘वाढवतं’ असा लगेच काढू नये. लिथियममुळे एमआरआयच्या संदेशातच थोडा बदल होत असावा, असा एक आक्षेप आहे. शिवाय ज्यांना लिथियम मानवतं त्यांचा आजारच मुळात वेगळ्या प्रकारचा असू शकतो.

या दुसऱ्या शक्यतेला बळ देणारा एक प्रयोग २०१५ मध्ये अमेरिकेतल्या सॉल्क संस्थेत झाला. बायपोलर रुग्णांच्या त्वचेच्या पेशी घेऊन त्यांना आधी मूळ पेशींचं आणि मग चेतापेशींचं रूप देण्यात आलं. काचेच्या बशीत वाढलेल्या या चेतापेशी निरोगी लोकांच्या पेशींपेक्षा जास्त उत्तेजित होत होत्या. बशीत लिथियम घातल्यावर त्या शांत झाल्या, पण फक्त त्याच रुग्णांच्या, ज्यांना प्रत्यक्षात लिथियमचा गुण येत होता. एमआरआयला न दिसणारा फरक पेशीत असा उघड झाला. आपल्याकडेही बंगळुरूत निम्हान्स आणि तिथल्या जीवशास्त्र संशोधन संस्था मिळून, एकाच घरात अनेकांना गंभीर मनोविकार असलेल्या कुटुंबांच्या पेशींवर असं काम करत आहेत. कोणत्या रुग्णाला कोणतं औषध लागू पडेल, हे महिनोन्‌महिने गोळ्या बदलून पाहण्याऐवजी आधीच सांगता यावं, हे या सगळ्या धडपडीमागचं स्वप्न आहे. ते अजून दवाखान्यापर्यंत पोचलेलं नाही.

तोवर घरी काय करावं?

जे हातात आहे तेही थोडं नाही. लिथियम आणि इतर मनःस्थिती स्थिर ठेवणाऱ्या औषधांनी पुन्हा पुन्हा येणारे झटके कमी होतात. लिथियमनं आत्महत्येचा धोका कमी होतो, असंही अनेक अभ्यासांत दिसलं आहे. पण या औषधाला शिस्त लागते. रक्तातली त्याची पातळी, मूत्रपिंड आणि थायरॉइड यांच्या तपासण्या डॉक्टर सांगतील तेव्हा करायलाच हव्यात. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, जुलाब-उलट्या झाल्या, किंवा अंगदुखीवर आयबुप्रोफेनसारखी गोळी परस्पर घेतली, तर रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीवर जाऊ शकतं. हात जोरात थरथरणं, तोल जाणं, जीभ जड होणं अशी लक्षणं दिसली तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. गरोदरपणाचा विचार असेल तर आधीच डॉक्टरांशी बोलावं. आणि बरं वाटतंय म्हणून कोणतंही औषध आपल्या मनानं एकदम बंद करू नये. झटका परतण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे.

औषधाइतकीच झोप महत्त्वाची आहे. सलग दोन-तीन रात्री झोप कमी होणं, ही अनेकदा येणाऱ्या उन्मादाची पहिली चाहूल असते. काही वेळा जागरण हेच त्याचं निमित्तही ठरतं. लग्नघरातली जागरणं, गणपतीतले उशिराचे कार्यक्रम, रात्रपाळी यांचं नियोजन रुग्णासाठी वेगळं करावं लागतं. उठणं, जेवण, काम, झोप यांच्या वेळा ठरलेल्या ठेवण्यावर आधारलेली एक उपचारपद्धतच आहे आणि तिचा फायदा अभ्यासांत दिसलेला आहे. रुग्ण बरा असतानाच घरच्यांनी त्याच्याबरोबर बसून धोक्याच्या खुणा वहीत लिहून ठेवाव्यात. झोप कमी झाली, खर्च वाढला, फोनवर तासन्‌तास बोलणं सुरू झालं की कुणी कुणाला फोन करायचा, बँकेचं कार्ड काही दिवस कुणाकडे ठेवायचं, हे त्याच्याच संमतीनं आधी ठरलेलं असलं की ऐन वेळी भांडण होत नाही.

आत्महत्येची भाषा कानावर आली तर ती धमकी किंवा नाटक समजू नये. माणसाला एकटं सोडू नये आणि लगेच मदत घ्यावी. सरकारची टेलिमानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध आहे. पुणे, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी इथे शासनाची प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत. जिल्हा रुग्णालयांतही मानसिक आरोग्याची सेवा मिळते.

मधुमेहाच्या रुग्णाचा साखरेचा आकडा कागदावर येतो, म्हणून त्याला कुणी ढोंगी म्हणत नाही. बायपोलर आजाराला असा आकडा अजून मिळालेला नाही. तो मिळवण्यासाठी हजारो रुग्णांनी आपला मेंदू संशोधकांपुढे उघडा केला. हे फरक सूक्ष्म आहेत, तरीही खरे आहेत, आणि त्यातले काही उपचारांच्या बाजूनं झुकताना दिसतात, एवढं त्यातून नक्की कळलं आहे. आपल्या घरातल्या माणसावर विश्वास ठेवायला आणि त्याच्या गोळ्यांची वेळ सांभाळायला एवढं पुरेसं आहे. त्यासाठी एमआरआयच्या फिल्मची वाट पाहत थांबायची गरज नाही.